मिरची ऐकणारे हिलाल आप्पा

हिलाल आप्पा गाणं ऐकण्याआधी मिरची ऐकतात.

हे मी एकदा आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं आणि एका बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. नंदुरबारचं एप्रिलमधलं ऊन कोणालाही लागू शकतं. पण मी शुद्धीत होतो. आप्पांच्या बैठकीच्या खोलीत, खिडकीत, बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असतो. त्यात पाच-सात सुक्या लाल मिरच्या. गाण्याचं मशीन चालू करण्याआधी आप्पा त्यातली एक काढतात, दोन बोटांत देठ धरून उजव्या कानाशी नेतात आणि हलवतात. आत बिया खुळखुळतात. आप्पा डोळे मिटून ते ऐकतात, मान डोलावतात, मिरची डब्यात ठेवतात आणि मगच गाणं लावतात. पाहुणा नवा असेल तर त्याला वाटतं, आपली दृष्ट काढताहेत.

ही सवय पथारीवरची. आमच्याकडे हिवाळ्यात गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर ओली लाल मिरची पसरून वाळवतात, तिला पथारी म्हणतात. त्या दिवसांत तिकडून जाणारा माणूस शिंकत जातो आणि शिंकत येतो. अशाच एका पथारीवर, एका मारवाडी शेठजींकडे, आप्पांनी चाळीस वर्षं नोकरी केली. काम एकच. मिरची पोत्यात भरण्याइतकी वाळली की नाही, ते सांगायचं. ओली भरली तर पोत्यात बुरशी, जास्त वाळली तर नुसता चुरा. बाकीचे पारखी मिरची दाबून बघायचे, वाकवून बघायचे. आप्पा कानाशी धरून हलवायचे आणि बिया कशा वाजतात त्यावरून निकाल द्यायचे. तो निकाल कधी चुकला नाही, असं बाजारात अजून बोललं जातं. गुजरातेतून आलेले व्यापारीसुद्धा आप्पांची मान हलेपर्यंत गप्प उभे राहत. सगळे त्यांना ‘कानवाले आप्पा’ म्हणत.

आप्पांच्या आणि माझ्या घरात एकच भिंत आहे. मी विज्ञान शिकवतो, म्हणून मला आवाजातलं कळतं असा आप्पांचा समज आहे. तो मी वेळीच दूर करायला हवा होता. पण सुरुवातीला त्या समजाबरोबर चहा मिळत होता, आणि मी गप्प बसलो.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने, सुरतेच्या कापड बाजारात काम करणाऱ्या संजयने, आई-वडिलांना एक फोन आणि मुठीएवढा स्पीकर आणून दिला. कॅसेट नको, काही नको, हवं ते गाणं नुसत्या बोटाने लागतं, हे कळल्यावर आप्पा दोन दिवस खूश होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि त्या स्पीकरकडे बोट दाखवलं.

“ह्याले मिरची वाजाडता येत नही, सर.”

झालं असं होतं, की आप्पांनी फोनवर दोन आवाज भरून घेतले होते. एक वाळलेल्या मिरचीचा आणि एक ओलसर मिरचीचा. स्पीकरवर ते दोन्ही लावून पाहिले, तर दोन्ही सारखेच वाजतात, असं घरात ठरलं होतं. मुठीएवढ्या स्पीकरकडून यापेक्षा जास्त कोणी मागत नाही, हे मी त्यांना सांगून पाहिलं. आप्पांचा हिशेब वेगळा होता. “ज्याले मिरची वाजाडता येत नही, त्याले माणूस काय वाजाडता यी?” त्यांनी विचारलं.

त्या दिवसापासून त्यांच्या घरात डबे येऊ लागले. संजय फोनवरून मागवायचा, आप्पा खोकी फोडायचे आणि मी बारीक अक्षरातली पुस्तिका वाचून दाखवायचो. आप्पांनी इंग्रजी नावं काही घरात घेतली नाहीत. त्यांनी सगळ्यांना पथारीवरची नावं दिली. इंटरनेटवरून गाणं आणून देणारा डबा हा ‘आडत्या’, कारण तो लांबचा माल आणून देतो. त्या आलेल्या मालातून स्वच्छ आवाज काढणारा दुसरा डबा ही ‘चाळणी’. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे ‘हमाल’, कारण उचलण्याचं काम त्याचं. स्पीकर ही ‘तोंडं’. एकदा मी शाळेतून येत होतो आणि आप्पांनी भर चौकात मला लांबूनच सांगितलं, की आडत्या चांगला निघाला, पण चाळणी मोठी पडते, कचरा येतो. मार्केट यार्डातले दोन शेतकरी थांबले आणि कोणत्या आडत्याबद्दल चाललंय ते मला खालच्या आवाजात विचारू लागले.

चाळणी बदलली. मग विजेवर संशय आला. वायरमनने सहज सांगितलं, की घराचं अर्थिंग बरोबर नसेल तर आवाजात खरखर येते. आप्पांनी अंगणात तुळशीच्या शेजारी खड्डा खणून घेतला, त्यात मीठ आणि कोळसा भरला आणि तो ओला ठेवायचा म्हणून रोज सकाळी पाणी घालायला लागले. आधी तुळशीला एक तांब्या, मग अर्थिंगला एक तांब्या. गल्लीतल्या एका आजीबाईंनी एके दिवशी त्या खड्ड्यावर झेंडूचं फूल वाहून नमस्कार केला. मी खरं काय ते सांगायला पुढे झालो, तर आप्पांनी मला हाताने थांबवलं. झाला तर फायदाच होईल, म्हणाले.

त्यानंतर खोलीचा नंबर लागला. भिंतींवर आवाज आपटतो, असं त्यांना कुठेतरी ऐकायला मिळालं होतं. त्यांनी हमीदभाई गादीवाल्यांना बोलावलं. हमीदभाई बाजारपेठेतले जुने पिंजारी, आजोबांपासूनचा धंदा. ते टेप घेऊन आले आणि पलंग कुठे आहे ते शोधू लागले. आप्पांनी भिंत दाखवली. हमीदभाईंनी भिंत मोजली, आकडे लिहिले, आणि मग न राहवून विचारलं, “आप्पा, इस पे सोएगा कौन?”

“आवाज,” आप्पा म्हणाले.

हमीदभाईंनी यापुढे काही विचारलं नाही, कापूस मात्र मन लावून भरला. आता आप्पांच्या बैठकीत तीन भिंतींवर उभ्या गाद्या आहेत आणि जमिनीवर बसायला सतरंजी.

डोअरबेलसुद्धा गेली. बेलच्या आवाजाने कान बिघडतो, असं कारण देऊन त्यांनी बेलच्या जागी दिवा लावून घेतला. बटण दाबलं की स्वयंपाकघरात तांबडा दिवा लागतो. गल्लीत सगळ्यांनी कपाळाला हात लावला. मी तर उघडच म्हटलं, की आप्पा, आता कुकरलाही शिट्टीऐवजी दिवा लावून घ्या. आप्पा थोडा वेळ खरंच विचारात पडले.

आता माझ्या कामाविषयी. नवं काही बसवलं, की आप्पा भिंतीवर दोन थापा मारत. म्हणजे मी जायचं. सतरंजीवर बसायचं. आप्पा मिरची हलवणार, गाणं लावणार, आणि ते संपायच्या आत माझ्या तोंडाकडे बघत विचारणार, “फरक शे का नही?”

खरं सांगतो, मला कधीही फरक कळला नाही. आडत्या आला तेव्हा कळला नाही, हमाल बदलला तेव्हा कळला नाही. पण समोर एक म्हातारा माणूस निकालाची वाट बघत बसलेला असताना ‘नाही’ म्हणवत नाही. मी ‘आहे’ म्हणायचो. पुढे पुढे मला त्यात सफाई आली. “तबला जरा पुढे आला,” असं मी म्हणायचो, किंवा “आता गायिका श्वास घेते तेही ऐकू येतं.” वर्गात पोरं गृहपाठ न करता जशी ठाम उत्तरं देतात, तशी मी देत होतो.

एका रविवारी सकाळी थापा पडल्या. मी गेलो, बसलो, ऐकलं आणि नेहमीपेक्षा जास्त रंगून सांगितलं, की आज तर सगळं कसं मोकळं झालं, बासरी जणू खिडकीतून येते आहे. आप्पा शांतपणे म्हणाले, “सर, मी आज काहीच बदलेल नही.”

मला वाटलं आता चहा बंद. पण आप्पा रागावले नाहीत. तुम्ही चांगले आहात म्हणून ‘हो’ म्हणता, एवढंच ते म्हणाले. त्यानंतरही त्यांनी मला बोलावणं थांबवलं नाही आणि मीही ‘आहे’ म्हणणं थांबवलं नाही. निकाल माझ्या हातात नव्हताच. खरा निकाल जिजींचा असे.

जिजी म्हणजे आप्पांची बायको. बारीक अंगाच्या, ताठ, कमी बोलणाऱ्या. सगळी गल्ली त्यांना जिजी म्हणते. माझं ‘आहे, आहे’ झालं की आप्पा उठून स्वयंपाकघराच्या दारात जात, त्यांच्यासमोर उभे राहत आणि हात करून बोलावत. जिजींसाठी एक वेताची खुर्ची ठरलेली होती. त्या हात पुसत येत, खुर्चीवर बसत, सगळं गाणं ऐकत आणि शेवटी एक वाक्य सांगत. बहुतेक वेळा ते एकच असे. “कपडामा गुंडायेल वाटस.” कापडात गुंडाळल्यासारखं वाटतं. झालं. आप्पा मान हलवत, मशीनकडे रागाने बघत आणि दुसऱ्या दिवशी संजयला फोन जाई.

मी एकदा आप्पांना म्हटलं, चाळीस वर्षं बाजाराने तुमचा कान मानला आणि घरात तुमचा शब्द चालत नाही? तर म्हणाले, “कान तिना शेतस. मन्हा नुसता डोकाले लायेल शेतस.” कान तिचे आहेत, माझे नुसते डोक्याला लावलेले. मला तो विनोद वाटला आणि मी हसलो.

ती खुर्चीही एक गंमत होती. आधी ती मागच्या भिंतीला लागून असे. मग ती सतरंजीच्या मध्ये आली. प्रत्येक नव्या डब्याबरोबर आप्पा तिच्या पायांभोवती खडूने खुणा करत आणि वीतभर पुढे सरकवत. आवाज कुठे नेमका जुळतो त्याचं ते गणित असेल, असं मी धरून चाललो होतो, आणि शाळेत नववीच्या मुलांना ध्वनीचा धडा शिकवताना त्या खुर्चीचं उदाहरणही दिलं. गेल्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत खुर्ची स्पीकरपासून दोन हातांवर आली होती.

जिजींची गल्लीत खरी ओळख गाण्याची. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते. रविवारी मांडतात, घरोघरी रोटांचा नैवेद्य होतो, आणि सोमवारी सकाळी कानबाईला डोक्यावर घेऊन वाजतगाजत विसर्जनाला नेतात. त्या वेळी बाया गाणी म्हणतात. एक बाई ओळ उचलते, बाकीच्या मागून म्हणतात, त्यांची संपली की हिने पुढची उचलायची. आमच्या गल्लीत ही उचलणारी बाई म्हणजे जिजी. लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून त्याच.

गेल्या श्रावणात मात्र गोंधळ झाला. बायांची ओळ संपली नव्हती तोच जिजींनी पुढची उचलली. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा दोन-तीन तरुण सुना तोंडाला पदर लावून हसल्या. जिजी चौकातूनच परत फिरल्या. मी ओट्यावर उभा होतो. माझ्यासमोरून जाताना म्हणाल्या, “बाया आते बराबर म्हणत नहीत. तोंडमाच म्हणतस.” हल्लीच्या बाया तोंडातल्या तोंडात म्हणतात, हे मलाही पटलं. नंतर त्यांनी घरातही गुणगुणणं सोडलं. भाकरी थापताना भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा, तो येईनासा झाला. पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणालातरी ओळ उचलायला सांगा, असा निरोपही त्यांनी गल्लीत देऊन ठेवला.

त्याच दिवसांत आप्पांचं वेड वाढलं. हे दोन्ही मी डोळ्यांनी बघत होतो, आणि विज्ञानाचा मास्तर असूनही मी दोन्ही एकमेकांना जोडलं नाही.

या उन्हाळ्यात आप्पा जिजींना घेऊन सुरतेला जाऊन आले. परत आल्यावर जिजींनी मला स्वतःहून प्रवासाचं वर्णन सांगितलं, हे विशेष. आप्पांनी त्यांना आवाजाच्या कंपनीत नेलं होतं. तिथे काचेची छोटी खोली होती, तिला आतून गाद्या लावलेल्या, “आमना घरसारख्या”. पांढरा कोट घातलेल्या एका बाईने जिजींच्या कानांवर हेडफोन लावले आणि हातात बटण दिलं. ‘टूं’ असं वाजलं की दाबायचं. जिजींनी पाऊण तास प्रामाणिकपणे बटण दाबलं आणि बाहेर येऊन त्या कोटवाल्या बाईला तोंडावर सांगितलं, की तुमचं यंत्र बेकार आहे. “मधमाच बंद पडस,” त्या मला म्हणाल्या. सुरतेसारख्या शहरात असली यंत्रं ठेवतात याचं त्यांना फार नवल वाटलं होतं. मी हो हो म्हटलं. आप्पा शेजारी बसून पायाच्या अंगठ्याने सतरंजी उकरत होते.

मग आषाढातली ती दुपार. शाळेला सुट्टी होती. मी आप्पांकडे पेपर परत द्यायला गेलो. वीज गेलेली. बटण दाबलं, अर्थात दिवा लागला नाही. कडी वाजवली, हाका मारल्या. दार नुसतं लोटलेलं होतं, म्हणून आत गेलो. आतून करपल्याचा वास येत होता. स्वयंपाकघरात जिजी माझ्याकडे आणि गॅसकडे पाठ करून मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांच्या मागे दूध उतू जाऊन आटलं होतं आणि पातेलं तडतडत होतं. शेजारच्या शेगडीवर कुकर एकामागून एक शिट्ट्या मारत होता. मी तीनदा “जिजी” म्हटलं. शेवटी पुढे होऊन गॅस बंद केला, तेव्हा माझी सावली पडली आणि त्या दचकल्या. माझ्याकडे बघितलं, पातेल्याकडे बघितलं. हातातली मेथीची काडी तशीच हातात राहिली.

मी वळलो तर दारात आप्पा, हातात भाजीची पिशवी. त्यांनी सगळं बघितलं होतं. पिशवी ठेवून ते मला बाहेर ओट्यावर घेऊन आले. मग म्हणाले, “मन्हा कान कव्हयच नव्हता, सर. कान तिना व्हता.” माझा कान कधीच नव्हता, तिचा होता.

आणि त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी माझं दोन वर्षांचं हसू परत घेतलं.

आप्पांना पारख्याचं काम नवीन मिळालं होतं तेव्हाची गोष्ट. जिजी त्याच पथारीवर बायांच्या रांगेत बसून मिरचीचे देठ खुडायच्या. जुन्या पारख्यांसारखं दाबून-वाकवून जमेना, म्हणून आप्पांनी मिरची कानाशी धरून हलवली. काही कळलं नाही. बिया वाजतात, एवढंच कळलं. घाबरून इकडेतिकडे बघितलं, तर तीन हातांवर बसलेल्या जिजींनी डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत पुढे ओढला. का कोण जाणे, आप्पा म्हणाले, ओली आहे. ती ओलीच निघाली. घरी आल्यावर जिजींनी सांगितलं, की मी तुम्हाला खूण करत होते. तीन हातांवरून, शंभर बायांच्या गलबल्यात, त्यांना मिरचीच्या बिया ऐकू येत आणि त्यातला ओला-सुका कळत असे. त्यांच्या माहेरीही पथारीचंच काम होतं.

पुढे चाळीस वर्षं तेच चाललं. आप्पा मिरची हलवायचे आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून रांगेकडे बघायचे. पदर पुढे आला की ओली. आहे तिथेच राहिला की भरा पोती. शेठजींना कळलं नाही, सुरतेच्या व्यापाऱ्यांना कळलं नाही, शेजारी बसणाऱ्या बायांनाही कळलं नाही. जिजींना ताप आला की आप्पांना सर्दी व्हायची, कान बंद व्हायचे आणि निकाल पुढे ढकलला जायचा. संजयच्या वेळी आप्पांचा कान चांगला दोन महिने दुखत होता. शेठजींनी तेल पाठवलं होतं.

संजयने दिलेल्या त्या मुठीएवढ्या स्पीकरवर सुकी आणि ओली मिरची सारखीच वाजते, हे ठरवणाऱ्या जिजीच होत्या. आप्पांना फरक ऐकू येत होता. एकामागून एक लावल्यावर त्यांच्यासारख्या साध्या कानालाही येत होता. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी जिजींच्या पाठीमागे उभं राहून खरी मिरची हलवून पाहिली. जिजी तांदूळ निवडत राहिल्या.

“तिना कानवर मी चाळीस वरीस भाकर खादी,” आप्पा म्हणाले. “आते तोच कान गया, हाई मी तिले कोणता तोंडे सांगू?”

म्हणून दोष मशीनचा ठरला. प्रत्येक नव्या डब्याने, पुढे सरकणाऱ्या खुर्चीने, भिंतीवरच्या गाद्यांनी त्यांना थोडं जास्त ऐकू येईल, एवढाच आप्पांचा खटाटोप होता. काही दिवस तसं व्हायचंही. मग पुन्हा कापडात गुंडाळायचं. शेवटी संजयला विश्वासात घेऊन त्यांनी सुरतेच्या कानाच्या डॉक्टरांकडे ती ‘आवाजाची कंपनी’ उभी केली. डॉक्टरांनी सांगितलं, कानात यंत्रं बसवली तर चांगलं ऐकू येईल. ती आता येणार होती. नखाएवढी दोन. फोनवरचं गाणंसुद्धा थेट त्यांच्यात वाजतं.

मी विचारलं, जिजी ती घालतील का? गल्लीत कोणी विचारलं तर?

“माले लोके येडा म्हणतस ना? म्हणू द्या. येडाना घरमा काय बी खपस.”

तेव्हा मला कळलं, की अर्थिंगवर फूल वाहणाऱ्या आजीबाईंना त्यांनी मला खरं का सांगू दिलं नाही. वेडा ठरायला त्यांना दोन वर्षं लागली होती.

यंत्रं आली. आप्पांनी भिंतीवर थापा मारल्या. मी गेलो. आप्पांनी जाहीर केलं, की ही जगातली सगळ्यात लहान ‘तोंडं’ आहेत, खोली नको, गादी नको, थेट कानात बसतात, आणि दिवसभर घातली तरच मुरतात. जिजींना वाईट वाटू नये म्हणून त्यांनी स्वतःसाठीही त्याच रंगाचे साधे इअरफोन मागवले होते आणि ते कानात खुपसून बसले होते. जिजींनी ती दोन नखं तळहातावर घेऊन बराच वेळ बघितली. मग आप्पांकडे बघितलं. मग कानात घातली. आप्पांनी मला विचारलं, फरक शे का नही? माझ्या कानात काहीच नव्हतं, तरी मी म्हटलं, आहे.

त्यानंतर महिनाभर आप्पांना हाक मारली तर ऐकू जायची नाही. इअरफोन ते जेवतानाही काढत नसत. म्हातारा-म्हातारी दोघं कानात बोंडं घालून फिरतात, यावर गल्लीत भरपूर करमणूक झाली. बाया जिजींना विचारायच्या, हे काय? “आमना येडानं नवं खूळ शे, बाई,” जिजी म्हणायच्या आणि विषय तिथेच संपायचा. एके सकाळी भिंतीपलीकडून भाकरी थापल्याचा आवाज आला, आणि त्यात गुणगुणणंही होतं. मी दाढी अर्धी ठेवून भिंतीला कान लावला.

पण कानबाईचं काय, ते कोणालाच माहीत नव्हतं. जिजींनी निरोप मागे घेतला नव्हता. आप्पांनी विचारलं नव्हतं. आप्पांना भीती होती. घरात चार भिंतींत, गाद्यांच्या आत ऐकू येणं वेगळं आणि रस्त्यावर ढोल-ताशात बायांची ओळ ऐकून पुढची उचलणं वेगळं. पुन्हा चुकलं तर ती कायमची गप्प होईल, असं ते मला रोज सांगायचे, आणि रोज मी त्यांना धीर द्यायचो. तोही खोटाच.

सोमवारी सकाळी मी आप्पांकडे गेलो. वाजंत्री गल्लीच्या तोंडाशी आली होती. आप्पा खिडकीपाशी बसले होते. जिजी नवं लुगडं नेसून उंबऱ्यात उभ्या होत्या, आमच्याकडे पाठ करून. डोक्यावर पदर होता. बाया खाली रस्त्यावर जमल्या होत्या आणि त्यांना चला म्हणत होत्या. जिजी पाऊल उचलत नव्हत्या.

आप्पांनी कानातून इअरफोन काढले. डबा उघडला. पावसाळ्यात मिरची सादळते, हवेतली ओल पिते आणि तिचा आवाज बदलतो, हे एव्हाना मलाही माहीत झालं होतं. आप्पांनी एक मिरची घेतली, पण कानाशी नेली नाही. हात पुढे केला आणि जिजींच्या पाठीमागे, बरोबर तीन हातांवरून, हळूच हलवली. बाहेर ताशा वाजत होता. मला काहीच ऐकू आलं नाही.

जिजींनी मागे वळून बघितलं नाही. त्यांचा उजवा हात वर गेला, आणि त्यांनी पदर कपाळापर्यंत पुढे ओढला.

मग त्या उंबरा उतरून बायांच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या.

आप्पांनी मिरची मुठीत धरली होती. “सादयनी शे,” ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. चाळीस वर्षं पथारीवर काढलेल्या माणसाच्या डोळ्यांना मिरचीने पाणी येत नाही. जिजींना सगळं ठाऊक होतं. काचेची खोली, कोटवाली बाई, कापडात गुंडाळलेलं गाणं, सगळं. त्यांनी नवऱ्याला दोन वर्षं वेडं होऊ दिलं होतं, आणि आज पथारीवरच्या त्याच जुन्या खुणेने उत्तर दिलं होतं.

बाहेर बायांची ओळ संपली. क्षणभर नुसता ताशा. मग जिजींनी पुढची ओळ उचलली, बरोबर जिथे उचलायची तिथे, आणि सगळी गल्ली मागून म्हणायला लागली.

“फरक शे का नही, सर?” आप्पांनी विचारलं.

“शे, आप्पा,” मी म्हणालो.